तेहतीस सेकंद

बसा. दोघंही. सोफ्यावर नको, समोरच्या खुर्च्यांवर. काकू आत पोहे परततायत, ते झाले की चहा मिळेल. तोवर मोबाईल टीपॉयवर पालथे ठेवा आणि मान वर.

चौतीस वर्षं मी बेळगावात मराठी शाळेत गणित शिकवलं. तुम्ही दोघं एकाच तुकडीतले, पुढच्यामागच्या बाकांवर बसणारे. आज एक म्हैसुरात संगणकाच्या कंपनीत साहेब आहे आणि दुसरी कॉलेजात शिकवते. मला अभिमान होता. परवाच्या रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांपर्यंत होता.

तू म्हणालास, सर, मुलाकडे चार दिवस आलाच आहात तर रंगनथिट्टूचे पक्षी दाखवतो. निघालो. मोठ्या रस्त्याला रविवारची गर्दी, म्हणून तू गाडी बेळगोळच्या शिवारात घातलीस. जन्म बेळगावात गेला आणि म्हातारपणी बेळगोळ बघतोय, असं मी म्हटल्यावर तू हसलासही. गाव कागदोपत्री मंड्या जिल्ह्यातलं, तालुका श्रीरंगपट्टण, ओढा सगळा म्हैसूरकडे. वरच्या अंगाला कृष्णराजसागर, खाली कावेरी, मध्ये भात आणि ऊस, आणि शिवाराला बिलगलेला कालवा. त्या कालव्याच्या भरावावरून आपला रस्ता. उजवीकडे पाणी, डावीकडे दीड पुरुष खाली भाताची खाचरं. कठडा नाही.

गाडीत तू मला इतिहास सांगत होतास. १७७१ साली त्र्यंबकराव पेठ्यांनी हैदराला चिनकुरळीला गाठलं ते इथून जवळच, १७९२ च्या तहाच्या वेळी हरिपंत फडके श्रीरंगपट्टणाबाहेर छावणी करून होते, आपले लोक कुठवर आले होते बघा सर! ऐकायला बरं वाटलं. पुढच्या पाच मिनिटांत तू तीच मोहीम एका म्हाताऱ्यावर काढलीस.

झालं काय ते मीच सांगतो. तुम्ही दोघांनी सांगितलेल्या हकिकती मी ऐकल्या. दोन्हींत दुसऱ्याचीच चूक होती आणि दोन्हींत तो म्हातारा नव्हता.

पुढे पाच सायकली. तीन आडव्या, दोन मागे, गप्पा चाललेल्या. त्यातली मधली तू. मागून आमची गाडी. यानं हॉर्न वाजवला. तुम्ही हलला नाहीत. यानं पुन्हा वाजवला, मग हात काढलाच नाही. तुझ्या उजवीकडच्यानं मागे न बघता हातानं 'थांब' अशी खूण केली, ती याला झोंबली. मग तुम्ही जेमतेम डावीकडे सरकलात आणि त्या फटीत यानं गाडी घातली. त्याच वेळी समोरून एक म्हातारा येत होता. काळी जुनी सायकल, कॅरिअरवर हिरव्या चाऱ्याचा भारा, त्याच्याच कमरेइतका उंच. त्यानं तुम्हाला पाहिलं, सायकलवरून उतरला, कालव्याच्या कडेला सरकला. माती ओली होती, पाय घसरला. सायकल त्यानं धरून ठेवली, पण भाऱ्याचा दोर तुटला आणि निम्मा चारा पाण्यात गेला. कालव्याला पाणी सोडलेलं होतं. बघता बघता हिरवा पट्टा पुलाखालून दिसेनासा झाला.

आणि तुम्ही? गाडीची काच खाली आली, हेल्मेट निघालं, एकमेकांना ओळखलंत, आणि ओळख पटल्यावर भांडण मिटायचं ते दुप्पट पेटलं. इंग्रजीत सुरू झालं, मराठीवर आलं, आणि शेवटी दोघंही थेट आपल्या गल्लीतल्या 'काय करूलास, डोळे हाईत काय' वर उतरलात. वीस मिनिटं! मी घड्याळ लावलं होतं. वीस मिनिटांत त्या म्हाताऱ्याकडे तुमच्यापैकी एकानंही पाहिलं नाही. मी आणि हिच्याबरोबरचाच एक सायकलवाला पोरगा, आम्ही दोघांनी उरलेला चारा गोळा केला. म्हातारा म्हणत होता, 'होगली बिडी, सार.' जाऊ द्या, साहेब. ज्याचं गेलं तोच म्हणत होता जाऊ द्या.

आता वही काढा. वही नाही? मग पेपरच्या कडेला लिहा.

गावच्या एकपदरी रस्त्याची डांबरी रुंदी किती? प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली, तिचे खेड्यापाड्यांतले रस्ते साधारण पावणेचार मीटर. वर्दळ कमी असेल तिथे तीन. आपण पावणेचार धरू, तुमच्यावर मेहरबानी. तुझी गाडी आरशांसकट दोन मीटर. सायकलवाला डांबराच्या अगदी कडेनं जाऊ शकत नाही, कारण कड खचलेली असते आणि खाली मुरूम. म्हणजे अर्धा मीटर सोडा. सायकलचं हँडल साठ सेंटिमीटर. झाले एक मीटर दहा. आणि दोघांत किती अंतर ठेवायचं? जर्मनीत गावाबाहेर सायकलला मागे टाकताना दोन मीटर सोडावे लागतात, ब्रिटनच्या नियमपुस्तकात २०२२ पासून कमी वेगालाही किमान दीड मीटर सांगितलाय. आपण दीडच धरू. एक मीटर दहा, अधिक दीड, अधिक दोन. किती?

चार मीटर साठ. रस्ता पावणेचार.

म्हणजे गणित सुटत नाही. हे वाहनचालकाच्या कौशल्याचं गणितच नाही. तू कितीही तरबेज अस, पावणेचारात चार साठ बसत नाहीत. आणि तू, बाई, एकटी असतीस तरी बसत नव्हते; तुम्ही तर तिघं आडवे होतात. ज्या रस्त्यावर जागेचा हिस्सा करताच येत नाही तिथे पाळी लावावी लागते. आधी एक, मग दुसरा. बेळगावात आमच्या वाड्यात नळ एक आणि बिऱ्हाडं नऊ होती. नळाचे नऊ तुकडे करा असं कोणी म्हणालं नाही.

'पण सर, मला उशीर होत होता.' हे तू रविवारी म्हणालास, मंगळवारी पुन्हा म्हणू नकोस. त्याचंही गणित करून आणलंय मी. त्या जागेपासून पुढे कालव्यावरचा छोटा पूल आहे, तिथे रस्ता रुंद होतो. अंतर साधारण तीनशे मीटर. सायकलींचा वेग तासाला अठरा किलोमीटर धरला तर सेकंदाला पाच मीटर; तीनशे मीटरला साठ सेकंद. तुझी गाडी तिथे चाळीसनं गेली असती तर सत्तावीस सेकंद. फरक तेहतीस सेकंदांचा. तेहतीस सेकंद सायकलींच्या मागे शांत राहायचं होतं. तेवढ्यात तुझं हरिपंतांचं वाक्यही पुरं झालं नसतं.

आणि वेगाबद्दल एक सांगून ठेवतो, दहावीत शिकवलंच होतं पण तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतास. साठच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. पाय ब्रेकवर यायच्या आधीच. आणि चाळीसचे साठ केलेस तर वेग दीडपट होतो, धडकेचा जोर सव्वादोनपट. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली दोन तृतीयांश ग्रामीण भागातल्या रस्त्यांवर. त्यांत असेही रस्ते येतात, जिथे 'कोण येतंय समोरून' असं म्हणत आपण वेग वाढवतो.

याच मंड्या जिल्ह्यात पांडवपुर तालुक्यात कनगनमरडी नावाचं गाव आहे. २४ नोव्हेंबर २०१८, शनिवार. दुपारची बस विश्वेश्वरय्या कालव्यात कोसळली. तीस माणसं बुडाली. त्यांत शाळा सुटून घरी निघालेली मुलं होती. तोही कालव्याच्या कडेचा रस्ता, तिथेही कठडा नव्हता. तू त्याच कालव्यांच्या मुलखात, कठडा नसलेल्या भरावावर एका म्हाताऱ्याला पाण्याच्या बाजूला ढकललंस. हात लावला नाहीस, खरं आहे. हॉर्ननं ढकललंस.

हॉर्न म्हणजे काय असतो रे? 'मी आहे' एवढं सांगायचं साधन. एकदा वाजवला की सांगून झालं. दुसऱ्यांदा वाजवलास की तो 'हट' होतो. आणि खेड्यात पुढे नेहमी माणूसच असतो असं नाही. बैल असतो, वासरू असतं, शेळ्यांचा कळप असतो. बैल हॉर्ननं बाजूला होत नाही, बुजतो. रात्री तर तुमचे ते पांढरे भगभगीत दिवे. समोरून गाडी, सायकल किंवा बैलगाडी दिसली की डिपर द्यायचा असतो, हे आमच्या काळातल्या एसटीच्या आणि केएसआरटीसीच्या ड्रायव्हरला कोणी शिकवावं लागत नव्हतं. आता डिपरही 'मी येतोय, बाजूला हो' म्हणून मारतात. हात जोडायचे सोडून हात उगारायला वापरावेत तसं झालं हे.

आणि तुझा तर मला दुप्पट राग आहे, कारण तुला हे येतं! तू दोन वर्षं स्कॉटलंडमध्ये होतास. दिवाळीला आलास तेव्हा तूच मला रंगवून सांगितलंस: तिकडे डोंगरात एकपदरी रस्ते असतात, ठरावीक अंतरावर रुंद केलेल्या जागा असतात, तिथे पाटी असते; समोरून गाडी आली की जो रुंद जागेच्या जवळ तो थांबतो, मागून कोणी घाईत असेल तर त्यालाही तिथे वाट देतात, त्या जागेत गाडी लावून फोटो काढत बसत नाहीत, आणि जाणारा हात वर करून आभार मानतो. 'सर, काय लोक आहेत!' म्हणालास. तू तिथे थांबत होतास की नाही? हातही वर करत होतास. मग विमानातून उतरताना तो हात कुठे ठेवून आलास? तिथल्या दंडाची भीती होती, इथल्या म्हाताऱ्याची नव्हती, असं म्हणू का मी?

आणि स्कॉटलंड कशाला हवं. चोर्ल्याच्या घाटातून तू किती वेळा गोव्याला गेलास? आंबोली उतरलायस. अरुंद घाटात कोणाला आधी वाट? चढणाऱ्याला. उतरणारा कडेला थांबतो. हे आपल्या ड्रायव्हरांनी सौजन्य म्हणून काढलेलं नाही, १९८९ च्या रस्तानियमांतही छापलेलं होतं. का? कारण चढणारा एकदा थांबला की त्याला पुन्हा उचलणं अवघड. भरलेली गाडी मागे सरकते, क्लच जळतो. म्हणजे नियमाचं मूळ काय? ज्याला थांबणं आणि पुन्हा निघणं जड जातं, त्याला आधी वाट. हे एकदा नीट डोक्यात घ्या म्हणजे पुस्तक पाठ करावं लागणार नाही. सायकलवाला सपाटीवरही चढावरच असतो, कारण इंजिन त्याच्या मांड्यांत आहे. उसाची बैलगाडी सायकलपेक्षा जड. आणि डोक्यावर भारा घेतलेली बाई सगळ्यांपेक्षा जड, तिला तर मान वळवून मागे कोण आलंय ते बघताही येत नाही. गाडीत बसलेल्याला काय करायचं असतं? पायाचा अंगठा हलवायचा. ज्याचं काम सगळ्यात सोपं तो सगळ्यांच्या आधी घाईत असतो, हे मला आजवर समजलेलं नाही.

गाडी मागे घेण्याची तुला एवढी लाज का वाटते तेही समजलेलं नाही. वीस मीटर मागे रुंद जागा होती. म्हातारा दिसला तेव्हाच मागे घेता आली असती. माणसं पदोन्नतीसाठी दहा वर्षं मागे राहतात, गाडी वीस मीटर मागे घेत नाहीत.

हसू नकोस गं. तुझी पाळी आता.

तुझी सायकल केवढ्याची? सव्वा लाखाची. हेल्मेट आहे, गॉगल आहे, मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ आहे. घंटी आहे? नाही. याच म्हैसूर शहरात २०१७ साली सार्वजनिक भाड्याच्या सायकली सुरू झाल्या, त्या सेवेचं नावच 'ट्रिण ट्रिण' ठेवलं. सायकल म्हटलं की लोकांना काय आठवतं ते त्यांना माहीत होतं. आणि तू मागून निःशब्द येऊन 'एक्सक्यूज मी' ओरडतेस! शेतातून निघालेल्या बाईला हे कशाला कळावं? ती दचकून तुझ्याच पुढ्यात येते.

कानांत काय होतं? नाही म्हणू नकोस, पांढरं काहीतरी मी पाहिलंय. ज्या रस्त्यावर मागून येणाऱ्याचा आवाज हीच सायकलवाल्याची मागची नजर, तिथे तू ती आपल्या हातानं फोडून घेतलीस.

आता तिघं आडवे. तुझं म्हणणं मी ऐकलंय: 'सर, आम्ही एका रांगेत गेलो की गाडीवाले नको तिथे घुसतात, म्हणून मुद्दाम रुंद चालवतो.' अर्धं खरं आहे. खचलेल्या कडेला चिकटून चालवणं म्हणजे ओव्हरटेकचं आमंत्रणच. आणि मग खड्डा चुकवायला आत वळलात की गाडीखाली. तेव्हा जागा जोखमीची असेल तिथे रस्त्याच्या थोडं आत, सरळ, ठामपणे चालवा, हे मला मान्य आहे. याच्यासारखे थांबतील. थांबायला लागले नाहीत तर मी आहे. पण त्या ठामपणाला एक दुसरी बाजू असते आणि ती तू सोयीनं विसरलीस. मागे गाडी आहे हे कळलं की पहिली रुंद जागा येताच बाजूला व्हायचं, सगळ्यांनी, पाय टेकून, आणि तिला जाऊ द्यायचं. वाट अडवणं आणि वाट राखणं यात एवढाच फरक. मागच्यानं 'गाडी' असं ओरडायचं, पुढच्यानं 'समोरून' असं ओरडायचं, आवाज सगळ्या रांगेतून गेला पाहिजे. दहाजण असाल तर पाचपाचाचे दोन गट करा आणि मध्ये गाडी शिरेल एवढी जागा सोडा. पंचवीस जणांची माळ केलीत तर ती कोणी ओलांडू शकत नाही. आणि कृपा करून मागच्या गाडीला हातानं 'जा जा' म्हणू नका. वळणापलीकडचं तुम्हाला दिसत नाही आणि त्याला तर नाहीच. तुझ्या हाताच्या भरवशावर तो पुढे गेला आणि समोरून उसाची ट्रॉली आली तर?

आणि तुमच्या त्या पथकाला सांग, बेळगोळचा रस्ता ही तुमची व्यायामशाळा नाही. सरासरी वेग कमी होतो म्हणून शेळ्यांना 'हुश्श' करत जायचं नसतं. डिसेंबर-जानेवारीत या भागात शेतकरी हुलगा, नाचणी रस्त्यावर पसरतात, गाड्यांच्या चाकांखाली मळणी होते. ते चुकीचंच आहे. दुचाकी घसरतात, हुलग्याच्या वेली चाकात अडकतात, त्यांना वेगळं सांगायला हवं. पण म्हणून तिथे उतरून चार पावलं सायकल हातानं न्यायला तुझं काय जातं? घड्याळातला आकडा जातो.

मी वीस मिनिटं तुमचं भांडण ऐकत होतो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तू म्हणत होतास, मी रोड टॅक्स भरतो. ती म्हणत होती, रस्ता सगळ्यांचा आहे. दोघांच्या तोंडी रस्ता आपापला होता. ज्याच्या घरापासून गोठ्यापर्यंत तो रस्ता आहे, जो त्यावरून पन्नास वर्षं ये-जा करतोय, तो चारा वेचत होता. तुम्ही दोघं त्या रस्त्यावर पाहुणे. पाहुण्यांनी पाहुण्यांशी भांडावं आणि यजमानाचं ताट लाथाडलं जावं, असं झालं ते. आणि वर तू निघताना काच खाली करून त्याला म्हणालास, 'स्वल्प अड्जस्ट माडी.' कर्नाटकात राहून एवढंच कन्नड शिकलास काय? अड्जस्ट करायचं होतं तुला. तो तर सकाळपासून तेच करत होता.

आता माझं. मी मागच्या सीटवर होतो. पहिल्या हॉर्नला बोलायला हवं होतं. पाहुणा आहे, गाडी त्याची आहे, पोरगा मोठा झालाय, असं म्हणून गप्प बसलो. वर्गात कोणी दुसऱ्याचं दप्तर पाडलं आणि शेजारचा बघत राहिला तर मी दोघांनाही उभं करायचो. म्हणून काल सकाळी मी बसनं बेळगोळला गेलो. तुम्हाला सांगितलं नाही. टपरीवर चौकशी केली. म्हातारा रोज सात-सव्वासातला चारा घेऊन त्याच कालव्यावरून जातो, दोन म्हशी आहेत. भेटला. मला चहा त्यानंच पाजला, पैसे काढू दिले नाहीत. सायकलचं मागचं चाक घासतंय, बहुतेक दोन तारा वाकल्यात. भारा त्यानं जुन्या साडीच्या काठानं बांधला होता.

येताना देवराज मार्केटातून काथ्याचा दोर आणलाय, बारा हात. तो बघ, दाराशी पिशवीत आहे. तारा तुम्ही आणायच्या. येत्या रविवारी साडेसहाला बेळगोळच्या बसथांब्यावर मी उभा असेन. दोघांनीही सायकलनं यायचं. तुझ्याकडे नसेल तर हिच्याकडून माग, नाहीतर ट्रिण ट्रिणवर नाव घाल. आणि तू, घंटी बसवून ये.

पोहे आले. खा.